धुऊन ठेवलेली डबी

माझ्या बहिणीच्या सासऱ्यांनी, आबांनी, गेल्या दिवाळीनंतर गणपतीचे डोळे काढणं थांबवलं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, पण दुसऱ्याच्या पडद्याला इजा होती, आणि पनवेलच्या डॉक्टरांनी बारीक काम बंद करा म्हणून सांगितलं. उजव्या हाताला थोडा कंपही सुटला होता. ते हमरापूरला राहतात. घराला लागून मूर्तींचा कारखाना आहे. साचा भरणं, मूर्ती घासणं, अंगाचा रंग, पितांबर, दागिने ही कामं तिथे सात-आठ जणांना येतात. आखणी, म्हणजे डोळ्यांच्या रेघा, एवढं एक काम त्या घरात कित्येक वर्षं एकटे आबाच करत आले. गिऱ्हाईक मूर्ती उचलण्याआधी तिच्या डोळ्यांत बघतं, बाकीचं नंतर बघतं. त्यामुळे आबांनी कुंचला खाली ठेवला तेव्हा घरात त्यावर मोठ्याने कोणी बोललं नाही.

आखणी शिकायची होती ती माझ्या भाचीला, त्यांच्या नातीला. ती मुंबईच्या कॉलेजात उपयोजित कला शिकते. आबांची शिकवण्याची पद्धत एकच: बघून शिक. आणि कॉलेजमुळे तिला बघायला हंगामभर घरी राहता येत नव्हतं. म्हणून तिने गेल्या हंगामात सुट्टी मिळेल तेव्हा येऊन आबांच्या हाताचं चित्रण केलं. कॉलेजचा कॅमेरा तिपाईवर लावायची आणि बाजूला बसायची. आबा कॅमेऱ्याकडे बघत नसत. एका मूर्तीला ते जितका वेळ घेत तितकं एकेक चित्रण लांब होतं. दिवाळीनंतर हे चित्रण म्हणजे आबांच्या हाताची एकमेव नोंद उरली, कारण तो हात पुन्हा तसा चालणार नव्हता.

मी रोह्याला राहतो. आधी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो, पुढे काही वर्षं डेस्कवर. मला टायपिंग येतं, म्हणून नातेवाइकांत मला कॉम्प्युटरमधलं कळतं असा समज आहे. तो मी कधी खोडून काढला नाही.

मार्गशीर्षात एकदा दाजींचा, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचा फोन आला. पोरीचा कॉम्प्युटर भरला होता. जागा करण्यासाठी ती स्वतःचं कॉलेजचं काम पुसत होती आणि आबांना ठेवत होती. आता पुसण्यासारखं तिचं स्वतःचं फारसं काही उरलं नव्हतं. तिला एक बाहेरची हार्ड डिस्क पाहिजे होती आणि कुठली घ्यायची ते मेव्हण्यांनी, म्हणजे मी, ठरवायचं असं हमरापूरला ठरलं होतं.

"तुम्ही पेपरवाले," दाजी म्हणाले. "तुम्हाला विचारून घेतली म्हणजे चुकली तरी तुमची."

बातमीला दोन दुजोरे लागतात, या शिस्तीने मी दोघांना विचारलं. एक आमच्या जुन्या कार्यालयात कॉम्प्युटर सांभाळणारा सहकारी, दुसऱ्या रोह्यात कॉम्प्युटरचे वर्ग चालवणाऱ्या बाई. दोघांचं म्हणणं जुळलं, जे आमच्या धंद्यात क्वचित होतं. डिस्क कुठल्याही कंपनीची असो, तिच्यात माहिती ठेवण्याची मांडणी ठरवावी लागते. विंडोजची मांडणी वेगळी, मॅकची वेगळी. विंडोजच्या मांडणीतली डिस्क मॅक वाचतो, पण तिच्यावर काही लिहीत नाही. मॅकच्या मांडणीतली डिस्क विंडोज मुळात ओळखत नाही. एक जुनी मांडणी सगळ्यांना चालते, टीव्हीलाही. पण तिच्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि भाचीची बरीच चित्रणं त्याहून मोठी होती, कारण आबा घाई करत नाहीत. मग राहिली एक्सफॅट नावाची मधली मांडणी. ती विंडोज, मॅक आणि लिनक्स तिघांना वाचता येते, लिहिताही येते. नव्या टीव्हीला बहुधा चालते. 'बहुधा' हा शब्द दोघांनीही वापरला. मी तो वहीत उतरवून घेतला.

रोह्याच्या बाईंनी निघताना आणखी एक गोष्ट सांगितली. जी माहिती एकाच ठिकाणी आहे, ती ठेवलेलीच नाही असं समजायचं. तीही मी वहीत उतरवली. सांगितली मात्र कोणाला नाही. दोन दुजोऱ्यांशिवाय बातमी न सोडणाऱ्या माणसाकडून हे राहून गेलं.

मग मी ही डिस्क कुठे कुठे चालायला हवी याची यादी केली. भाचीचा मॅक. माझा लॅपटॉप, ज्यातलं विंडोज काढून त्या सहकाऱ्याने लिनक्स घालून दिलं आहे. आबा काम करताना जे बोलतात ते कागदावर उतरवण्याचं काम माझ्याकडे आलं होतं, म्हणून तो यादीत. तिसरा बहिणीच्या बैठकीतला टीव्ही. मी फोनवर दाजींना विचारलं, घरात आणखी कुठला कॉम्प्युटर आहे का? ते म्हणाले, नाय. उत्तर खरं होतं. प्रश्न अपुरा होता.

डिस्क घ्यायला आम्ही तिघं पेणला गेलो: मी, दाजी आणि भाची. दुकान बाजारपेठेत होतं. दुकानदाराने काउंटरवर पाच-सहा डिस्का मांडल्या. भाचीने तिच्या मॅकची सॉकेट कशी आहे ते दाखवलं, मी टीव्हीच्या पाठीमागच्या नंबराचा फोटो दाखवला. दाजींनी एक डिस्क उचलली, कानाशी धरली आणि बोटाच्या पेराने तिच्यावर दोनदा टकटक केली. मूर्ती आतून सुकली की नाही, कुठे चीर आहे का, हे ते असंच बघतात. दाजींनी दुसरी उचलली. तिलाही वाजवलं.

"ही पोकळ वाटते," ते म्हणाले.

भाची दुसरीकडे बघत होती.

त्यांचा पुढचा प्रश्न मात्र असा होता जो मी दोन्ही जाणकारांना विचारायला विसरलो होतो. ही पडली तर काय? जो माणूस दरवर्षी मूर्ती पेंढ्यात आणि कागदात बांधून बोटीने परदेशी पाठवतो, त्याला पहिलं हेच सुचणार. दुकानदाराने सांगितलं की मोठ्या डब्यांमध्ये आत तबकडी फिरते, त्या पडल्या तर जाण्याची भीती असते. छोट्यांमध्ये फिरणारं काही नसतं. त्यांना एसएसडी म्हणतात, त्या महाग, पण धक्का सोसतात. दाजींनी फिरणाऱ्या सगळ्या डिस्का हाताने बाजूला सारल्या. काडेपेटीहून थोडी मोठी, काळी, गुळगुळीत अशी एक ठेवली. तेव्हापासून तिचं नाव डबी.

दुकानदाराने डबी त्याच्या कॉम्प्युटरला जोडली आणि एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करायला घेतली. दाजींनी विचारलं, हा काय करतोय? मी मांडणी, फाइल, पद्धत असं काही सांगू लागलो. ते ऐकत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. म्हणून मी उपमा दिली. म्हणालो, दाजी, साचा भरण्याआधी तुम्ही तो धुता, पुसता, साबणाच्या पाण्याचा हात फिरवता, की नाही? फॉरमॅट म्हणजे तेच. डबी भरायला तयार करायची.

"असं सांगा ना," दाजी म्हणाले. "मघापासून फॉरमॅट फॉरमॅट."

आमच्या डेस्कवर एक वरिष्ठ उपसंपादक होते. बातमीत उपमा दिसली की ती लाल पेनने खोडत. म्हणत, वाचक उपमा लक्षात ठेवतो आणि बातमी विसरतो. पेणच्या त्या दुकानात मला त्यांची आठवण व्हायला हवी होती.

त्याच दुपारी बैठकीत भाचीने डबी मॅकला जोडली. त्याआधी ताईने, माझ्या बहिणीने, डबीला हळदकुंकू लावलं. सॉकेटमध्ये जाऊ नये एवढी विनंती मी केली, ती तिने मानली. फाइली जायला बराच वेळ लागला. गेल्यावर भाचीने डबी टीव्हीला लावून तीन चित्रणं उघडून बघितली. तिन्ही चालली. आबा ओटीवर बसले होते. टीव्हीतून त्यांचा आवाज आला, त्यांनी तो जरा वेळ ऐकला.

"कोण हाय तो? माझ्यासारखा बोलतो," ते म्हणाले, आणि उठून मागे गेले.

सगळं तपासून झालं होतं. भाचीला कॉलेजात एक मोठं काम द्यायचं होतं, त्याला मॅकवर जागा लागणार होती. दुसऱ्या दिवशी मुंबईला जाण्याआधी तिने मॅकवरची चित्रणं पुसली. मी तिच्या शेजारी बसलो होतो. मीच म्हणालो, पूस, डबीत आहेत.

डबी मी रोह्याला नेली. माझ्या लिनक्सने ती पहिल्या फटक्यात ओळखली, याचा मला थोडा अभिमान वाटला. रोज सकाळी दोन तास बसायचं, चित्रण लावायचं आणि आबा बोलतील ते लिहायचं. सवयीमुळे मी नोंद वार्तांकनासारखी केली. मूर्तीचा नंबर, बैठक कशी, पहिलं वाक्य, ते कितव्या मिनिटाला, मग पुढचं. आबांचं बोलणं आखणीबद्दल थोडं आणि इतर बरंच. चहा कमी गोड झाला. पंखा कोणी लावला, रंग सुकतो. रंगकाम करणाऱ्या एका बाईला, "तुझ्या गणपतीला झोप आली गो, पापणी खाली आलेय." मधूनच एखादं कामाचं वाक्य: रेघ ओढताना श्वास धरायचा नाय, सोडायचा. मी सगळं लिहिलं, कारण कुठलं कामाचं आणि कुठलं नाही हे ठरवणं माझं काम नव्हतं. ज्या चित्रणात आबा गप्प होते तिथे मी 'बोलणे नाही' असं लिहिलं. महिनाभरात दोन वह्या भरल्या.

दाजी फोनवर विचारायचे, आबांची साक्ष झाली का नोंदवून?

पौष संपता संपता मी डबी हमरापूरला परत दिली. कारखाना तोवर सुरू झाला होता. पहिल्या मूर्ती साच्यातून निघून उन्हात सुकत होत्या. दाजींच्या मनात आलं की भाची यायची तेव्हा येईल, तोवर रंगकामाच्या बायकांना आबांचा हात दाखवावा, त्यांतली एखादी लहान मूर्तींची आखणी धरेल. विचार चांगला होता. टीव्ही बैठकीत होता, पण कारखान्याचे पाय बैठकीत आणायचे नाहीत हा ताईचा नियम त्या घरात कोणी मोडत नाही. मग दाजींना कारखान्यातलं मशीन आठवलं.

हे ते मशीन, जे माझ्या यादीत नव्हतं. मी घरातले कॉम्प्युटर विचारले होते, हे कारखान्यात होतं. शिवाय त्याला तिथे कोणी कॉम्प्युटर म्हणत नाही, बिलाचं मशीन म्हणतात. भाची बालवाडीत असताना ते आलं. प्लास्टिकखाली असतं, की-बोर्डवर पीओपीची पांढरी भुकटी बसलेली, आणि हंगामात त्यावर पावत्या छापल्या जातात. त्यातलं विंडोज इतकं जुनं आहे की एक्सफॅट नावाची मांडणी निघाल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचलेलीच नाही.

दाजींनी डबी त्याला लावली. मशीनने डबी बघितली आणि तिच्यात काय आहे ते त्याला समजलं नाही. त्याने इंग्रजीत विचारलं की ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करू का? फॉरमॅट हा शब्द दाजींना आता चांगला ठाऊक होता. तो त्यांना मीच शिकवला होता. आणि न धुता साचा भरणं हे त्या कारखान्यात सगळ्यात मोठं पाप आहे. आधीच्या मूर्तीचा कण आत राहिला तर पुढच्या मूर्तीचं नाक जातं. मशीनला आत काही दिसत नाही, म्हणजे मेव्हण्यांनी आबांना रोह्याला उतरवून घेऊन डबी रिकामी परत आणली आहे, असा त्यांनी हिशेब केला. मेव्हणे रोह्याहून परत आणताना धुऊन आणतील याची खात्री नव्हती. त्यांनी होय म्हटलं. हिरवी पट्टी हळूहळू सरकू लागली. पट्टी पूर्ण होईपर्यंत ते समोर बसून राहिले, कारण साचा धुतानाही मध्ये उठायचं नसतं.

दुपारी तीनच्या सुमाराला माझा फोन वाजला. दाजींच्या आवाजात काम नीट पार पडल्याचं समाधान होतं.

"मेव्हणे, डबी धुऊन पुसून ठेवलेय. आता तुमच्याकडचं आबांचं काय ते पाठवा, म्हणजे भरतो."

माझ्याकडे आबांचं काही नव्हतं. दोन वह्या होत्या. मी त्यांना एवढंच सांगितलं की डबी काढा, कागदात गुंडाळा आणि आता कशालाही लावू नका. त्यांनी का विचारलं. मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी हमरापूरला गेलो. भाची मुंबईहून माझ्याआधी पोचली होती. डबी बैठकीत टीव्हीखाली ठेवली होती, ताईचं कुंकू अजून तिच्यावर होतं. आबा ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होते. दाजी दारात उभे होते, आत येत नव्हते. कारखान्याचे पाय होते म्हणून, असं ते म्हणाले.

भाची रडली नव्हती. ती फक्त म्हणाली, "बाबा, करण्याआधी विचारायचं तरी."

"मशीननं मला विचारलं," दाजी म्हणाले. "मग मी कुणाला विचारणार?"

हे ते बचाव म्हणून बोलले नव्हते. तसं घडलं होतं म्हणून सांगितलं. मी मग पेणच्या दुकानात काय बोललो होतो ते भाचीला सांगितलं, साच्याच्या उपमेसकट. आणि रोह्याच्या बाईंचं वाक्यही, जे मी वहीत ठेवलं होतं. भाचीने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याची नोंद करण्याची गरज नाही.

आबांनी ओटीवरून विचारलं, चहा झाला का.

पेणच्या दुकानदाराने एक नाव सुचवलं. डोलवीच्या पोलाद कारखान्यात कंत्राटावर कॉम्प्युटर सांभाळणारे एक गृहस्थ पेणच्याही पुढे, वडखळला राहतात. शिफ्ट सुटली की लोकांचं पुसलेलं परत काढून देतात. आम्ही डबी घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ती हातात घेतली आणि मान हलवली. म्हणाले, फिरती तबकडी असती तर बरंच मिळालं असतं. एसएसडीत एकदा पुसलं की बहुतेक वेळा काही राहत नाही. दाजी खाली बघत होते. न फुटणारी डबी त्यांनीच निवडली होती.

मग त्या गृहस्थांनी विचारलं, फॉरमॅट कुठल्या मशीनवर केलं? दाजींनी मशीनचं वर्णन केलं. कधी घेतलं तेही सांगितलं. ते गृहस्थ पहिल्यांदा हसले. त्यांनी समजावलं ते असं: नवं मशीन डिस्कला सांगतं की आतलं सगळं खरोखरच सोडून दे. हे मशीन इतकं जुनं आहे की त्याला तसं सांगताच येत नाही. त्याने वरची मांडणी बदलली, आतल्या मालाला फारसा हात लावला नाही.

परतताना पेण आल्यावर दाजी म्हणाले, "ताई तुमची दरवर्षी मागं लागते, मशीन बदला, मशीन बदला. मी ऐकलं का?"

चार दिवसांनी डबीतलं जवळपास सगळं परत मिळालं, पण नावाशिवाय. भाचीने प्रत्येक चित्रणाला मूर्तीचा नंबर आणि तारीख दिली होती, ती गेली. आता नुसत्या फाइली होत्या, एक, दोन, तीन, कुठलीही कुठेही. काही मधूनच तुटलेल्या. कुठली मूर्ती, कुठला दिवस, आधी काय आणि नंतर काय, काही कळत नव्हतं. आखणी ज्या क्रमाने शिकायची त्यासाठी त्या निरुपयोगी होत्या.

या वेळी वडखळच्या गृहस्थांनी काही सांगण्याआधीच भाचीने पेणहून दुसरी डबी आणली होती. ती विकत घ्यायला ती एकटी गेली. सगळं दोन्ही डब्यांवर घेतलं, मग आम्ही बैठकीत लावायला बसलो. वह्या कामाला आल्या. ती फाइल उघडायची, आबांचं पहिलं वाक्य ऐकू यायचं, मी वहीत शोधायचो. चहा कमी गोड: बारा नंबर, लोडाला टेकलेली बैठक. पंखा कोणी लावला: सात नंबर. आखणीबद्दलची वाक्यं या कामात फारशी उपयोगी पडत नव्हती, कारण ती आबा दरवेळी त्याच शब्दांत बोलतात. ओळख पटत होती ती चहामुळे आणि पंख्यामुळे. दाजी दारातून बघत होते. म्हणाले, साक्ष कोर्टात उभी राहिली.

'बोलणे नाही' अशी नोंद असलेली चित्रणं मात्र वहीने ओळखता येत नव्हती. त्यासाठी आबांना आत बोलावलं. ते टीव्हीपासून हातभर अंतरावर खुर्ची घेऊन बसले, चांगला डोळा पडद्याकडे केला आणि मूर्तीच्या सोंडेवरून, मुकुटावरून नंबर सांगत गेले. मधे एकदा म्हणाले, बंद कर, ही बिघडलेली हाय. भाची म्हणाली, यात तर तुम्हीच आखताय. ते म्हणाले, म्हणून तर कळतंय.

दोन दिवसांत सगळं लागलं. एक सोडून. भाचीला जे सगळ्यात जास्त हवं होतं तेच तुटलं होतं. एक डोळा बऱ्याच जणांना काढता येतो. अवघड असतो दुसरा, जो पहिल्याशी जुळला पाहिजे, समोरून बघणाऱ्याला मूर्ती आपल्याकडेच बघतेय असं वाटलं पाहिजे. त्या एका चित्रणात आबांनी तो कसा जुळवतात ते सांगितलं होतं, हंगामात एकदाच. आता तिथे चित्र थांबायचं आणि आवाज तुटायचा. माझ्या वहीत वाक्य होतं: "पहिल्याकडं बघायचं नाय, पहिला हातात ठेवायचा." शब्द पूर्ण होते. हात कसा फिरला ते मी लिहिलं नव्हतं, कारण तो चित्रणात दिसत होता.

भाचीने ते वाक्य मला तीनदा वाचायला लावलं. मग ती ओटीवर गेली. आबा पुन्हा शेंगांशी बसले होते.

"आबा, दुसरा डोळा कसा जुळवता? मला शिकवा."

आबांनी शेंगा सोलणं थांबवलं नाही.

"हे आधी विचारायचं. वर्षभर त्या कॅमेऱ्याला न् डबीला विचारत बसलीस."

ती म्हणाली, तुम्हीच म्हणता बघून शिक. ते म्हणाले, व्हय, पण बघायला मी होतो ना.

कारखान्यात कोपऱ्याला नाक गेलेल्या, बोट मोडलेल्या मूर्ती ठेवतात. आबांनी त्यांतली एक आणायला लावली, नाक गेलेली. पाट मांडला, मूर्ती उजेडाकडे फिरवली आणि भाचीच्या हातात कुंचला दिला. स्वतः तिच्या डाव्या खांद्यामागे बसले. तिने पहिला डोळा काढला. तो चांगला आला, तो सगळ्यांचाच येतो. दुसरा काढला. आबांनी चेहरा मूर्तीजवळ नेला, वीतभर अंतरावरून बघितलं, आणि थुंकी लावलेल्या अंगठ्याने दुसरा डोळा पुसला.

"एक तुझ्याकडं बघतो, दुसरा वडखळच्या फाट्याकडं. परत काढ."

तिने परत काढला. त्यांनी परत पुसला. हे किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, मोजायला हवं होतं. एकदा तिच्या हातून कुंचला घेऊन त्यांनी स्वतः रेघ धरली, हात थरथरला, त्यांनी कुंचला परत दिला आणि तिच्या मनगटाला दोन बोटं लावून तो फिरवून दाखवला. कॅमेऱ्यात हे कधी आलं नव्हतं. तेव्हा फिरवायला दुसऱ्या कोणाचं मनगट नव्हतं.

दाजी शेजारी उभे राहून बघत होते. आबांच्या अंगठ्याला रंग लागला होता, तो पुसायला त्यांनी फडकं पुढे केलं. आबा भाचीला म्हणाले, "पुढचा डोळा पुसायला तुझ्या बापाला दे. त्याचा हात बसलाय त्यात."

दाजी हसले. त्या आठवड्यात ते पहिल्यांदाच हसताना दिसले.

आता दोन डब्या आहेत. एक हमरापूरला बैठकीत, एक रोह्याला माझ्याकडे. बिलाच्या मशीनला दाजींनी मागच्या बाजूने चिकटपट्टी लावून टाकली आहे, सगळ्या मोकळ्या सॉकेटवर, त्यामुळे त्यातून आता काही आत जाऊ शकत नाही. पावत्या मात्र छापल्या जातात. भाची दर शनिवारी येते. चित्रण ती आधी बघते आणि मग नाक गेलेल्या मूर्ती घेऊन बसते; त्या आता कोपऱ्यात फारशा उरलेल्या नाहीत.

परवा मी फोनवर आबांना विचारलं, दुसरा डोळा अजून वडखळच्या फाट्याकडेच बघतो का? त्यांनी थोडा विचार केला.

"नाय," ते म्हणाले. "पेणपर्यंत आलाय."